एजाज-ए-कुराण

कुराणाच्या तोडीची रचना माणसाला करता येणार नाही, ही इस्लाममधील श्रद्धा. अरबी ‘अज्ज’ म्हणजे असमर्थता. त्यावरून ‘इजाज’ म्हणजे समोरच्याला हात टेकायला लावणे. सोलापुरात उर्दू-दखनी बोलणाऱ्या घरांत हाच शब्द ‘एजाज’ असा उच्चारतात. मराठीत त्यासाठी सरसकट ‘चमत्कार’ लिहिले जाते, पण त्याने दोन वेगळ्या गोष्टी एक होतात. दर्ग्यातल्या वलीची, म्हणजे संताची, ती करामत. पैगंबराकरवी घडतो तो मोजिजा. हजरत मूसांच्या (मोझेस) काठीचा साप झाला, हजरत ईसांनी (येशू) मेलेल्यांना उठवले. हे मोजिजे त्या काळच्या माणसांनी पाहिले आणि ते तिथेच संपले. हजरत मुहंमद पैगंबरांचा मोजिजा मात्र शब्दांचा आहे, म्हणून तो आजही रेहलीवर, म्हणजे ग्रंथ ठेवायच्या लाकडी घडवंचीवर, उघडून समोर ठेवता येतो, असे मुसलमान मानतात. पैगंबर ‘उम्मी’ म्हणजे लिहिणे-वाचणे न शिकलेले होते, हा परंपरेतला मुद्दाही याला जोडूनच येतो.

या श्रद्धेचा पाया कुराणातच आहे. त्यातल्या आव्हानाला ‘तहद्दी’ म्हणतात. माणसे आणि जिन्न एकत्र आले तरी असे कुराण आणू शकणार नाहीत (१७:८८). अशा दहा सूरा, म्हणजे अध्याय, आणून दाखवा (११:१३). निदान एक तरी आणा (२:२३). सूरा एकूण ११४. त्यांतली सर्वांत लहान ‘अल-कौसर’ अवघ्या तीन आयतींची, म्हणजे वचनांची, आहे. कौसर, वन्हर, अबतर असे तिन्ही आयतींचे शेवट एकाच नादात पडतात. आव्हान एवढ्या छोट्या मापापर्यंत खाली येते, आणि ज्या अरबांना ते दिले ते तर भाषेवर जीव टाकणारे, भर सभेत काव्य म्हणणारे लोक होते.

हे असामर्थ्य नेमके कशामुळे, यावर विद्वानांचे एकमत नव्हते. नवव्या शतकातल्या मुअतजिली या बुद्धिवादी पंथाच्या नज्जामने ‘सर्फा’ची कल्पना मांडली: माणसाला ते जमले असते, पण अल्लाहने त्याला त्यापासून परावृत्त केले. ती फारशी टिकली नाही. पुढे रुम्मानी, खत्ताबी आणि बाकिल्लानी (मृत्यू १०१३) या विद्वानांनी शोध भाषेकडे वळवला. या विचाराला खरी खोली आणली ती अकराव्या शतकातल्या अब्दुल काहिर जुर्जानीने. त्याचे म्हणणे असे, की सौंदर्य सुट्या शब्दात नसते, ते ‘नज्म’मध्ये, म्हणजे शब्दांच्या परस्पर गुंफणीत असते. यासाठी त्याने विणकामाचेच उदाहरण वापरले. सोलापूरकराला ते वेगळे समजावून सांगावे लागत नाही. सूत तेच, रंग तेच. चादरीवर नक्षी उठते ती ताणा-बाणा कसा बांधला यावर.

जुर्जानीने घेतलेला एक दाखला मराठीतही उतरतो. वृद्ध पैगंबर जकरिया प्रार्थनेत म्हणतात, ‘डोके पांढरेपणाने पेटले’ (१९:४). ‘डोक्यावरचा पांढरेपणा पेटला’ असे का नाही? जुर्जानी म्हणतो, ‘घरात आग पेटली’ म्हटले तर ती एखाद्या कोपऱ्यातही असेल. ‘घर आगीने पेटले’ म्हटले की काहीच शिल्लक राहत नाही. शब्द तेच, जागा बदलली आणि म्हातारपण सगळ्या डोक्यावर पसरले. एजाज समजून घ्यायला इतके स्वच्छ उदाहरण दुसरे क्वचितच मिळेल. ज्याची श्रद्धा नाही त्यालाही ते पटते. या गुंफणीमागे ईश्वर आहे का, हा प्रश्न मात्र श्रद्धेकडेच राहतो.

गेल्या काही दशकांत आयतींमध्ये गर्भविकास, विश्वाचा विस्तार, १९ या आकड्याचे गणित शोधण्याची लाट आली. व्याख्यानांत आणि मोबाइलवर ती फार फिरते. अनेक मुस्लिम अभ्यासकांनीच तिला आक्षेप घेतला आहे, आणि तो रास्त आहे: विज्ञानाचे निष्कर्ष बदलतात, त्यांवर आयतीचा अर्थ टांगला तर तोही हलतो.

एजाज अरबी शब्दरचनेत आहे असे मानल्यामुळे भाषांतराला कुराण म्हणत नाहीत. मराठी अनुवाद वाचतात तो अर्थ कळण्यासाठी. नमाजेत पठण अरबीतच. सोलापूरच्या विजापूर वेशीत मीना बाजाराची गर्दी उसळते त्याच रमजानच्या रात्री, इशाच्या म्हणजे रात्रीच्या नमाजेनंतर शहरातल्या मशिदींत तरावीहची खास रमजानमधली नमाज होते आणि हाफिज, म्हणजे कुराण तोंडपाठ असलेले, त्याचे ३० पारे (भाग) पाठ म्हणत महिनाभरात पुरे करतात. मागे उभ्या असलेल्यांपैकी बहुतेकांना अरबी येत नाही. त्यांतच पहिल्या रांगेत दुसरा हाफिज फक्त ऐकण्यासाठी उभा असतो. पढणारा अडखळला, एखाद्या आयतीचा शेवट सारख्याच दुसऱ्या आयतीला जोडला गेला, की तो मागून नेमका शब्द पुरवतो. त्याला ‘लुकमा देणे’ म्हणतात. लुकमा म्हणजे घास. पुढचा हाफिज मागे येतो, ती आयत पुन्हा बरोबर म्हणतो, आणि मगच पुढे जातो.