सेंट किल्डा नावाचा संत झालाच नाही

स्कॉटलंडच्या पश्चिमेला भर अटलांटिकमधे सेंट किल्डा बेटं आहेत, त्यांना कुणा किल्डा नावाच्या संताचं नाव दिलंय असं वर्षानुवर्षं सांगतात. पण असा संतच नव्हता हो! मूळ गेलिक (स्कॉटलंडची जुनी भाषा) नाव हिर्टा, आणि 'सेंट किल्डा' दिसायला लागतं ते १७व्या शतकातल्या डच नकाशांवर. नेमकं कसं आलं यावर अजून वाद चालूय. काही म्हणतात तिथल्या 'टोबर किल्डा' विहिरीवरून, त्यातला टोबर म्हणजे गेलिकमधे विहीर आणि किल्डा म्हणजे नॉर्स (व्हायकिंगांची भाषा) 'केल्डा', तीही विहीरच, म्हणजे नाव झालं विहीर-विहीर. दुसरे म्हणतात नॉर्स 'स्किल्डिर' म्हणजे ढाली, ते भलत्याच बेटांचं नाव नकाशे कॉपी करता करता इकडे चिकटलं आणि सुरवातीचा 'स' सुटून त्याचा 'सेंट' झाला.

काही असो, व्हायकिंग येऊन गेले हे नक्की, कारण बाकीची नावं बघा ना, सोए म्हणजे मेंढ्यांचं बेट (तिथल्या रानटी मेंढ्या आजही सोए याच नावाने ओळखतात), बोरेरे म्हणजे किल्ल्याचं बेट, ओइशेवल म्हणजे पूर्वेचा डोंगर. सोए, बोरेरेमधला शेवटचा 'ए' म्हणजे नॉर्समधे 'बेट'. नशीब, जॉन मॅथिसनने १९२७ साली तिथे राहून सर्व्हे केला आणि कडेकपारींची नावं नकाशावर चढवली, कारण १९३० च्या ऑगस्टमधे उरलेली ३६ माणसंही बेट सोडून गेली.

मेलबर्नच्या सेंट किल्डा उपनगराचं नाव तर एका जहाजाच्या नावावरून आलंय, तिथेही संत शोधू नका.