तीन देशांची पायवाट, व्हिसा मात्र एकच

कात्रज ते सिंहगड ही रात्रीची वाट तुडवून तयारी करणाऱ्या पुण्यातल्या ट्रेकर मंडळींमध्ये एक समज वर्षानुवर्षे फिरतो आहे: मॉन्ट ब्लांक पर्वताची प्रदक्षिणा करायची तर फ्रान्स, इटली आणि स्वित्झर्लंड असे तीन व्हिसा लागतात, किंवा निदान स्वित्झर्लंडचा तरी वेगळा काढावा लागतो. हे खरे नाही. स्वित्झर्लंड युरोपीय संघात नाही, आणि बहुधा गोंधळाचे मूळ हेच आहे. परंतु डिसेंबर 2008 पासून तो देश शेंगेन क्षेत्रात, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात, आहे. त्यामुळे सुमारे 170 किलोमीटरच्या या वाटेवर 2,537 मीटर उंचीची ग्रां कोल फेरे खिंड ओलांडून इटलीतून स्वित्झर्लंडमध्ये उतरणे हा नवा प्रवेश धरला जात नाही, आणि एकदाच प्रवेश देणारा शेंगेन व्हिसाही त्यासाठी पुरतो. पासपोर्ट मात्र पाठपिशवीत हवाच.

दुसरा गैरसमज अधिक नुकसान करतो. विमान जिथे उतरते त्याच देशाकडे अर्ज करायचा, असे सांगितले जाते. प्रत्यक्षात ज्या देशात सर्वाधिक दिवस मुक्काम आहे, त्याच्याकडे अर्ज करावा लागतो; दिवस समसमान असतील तरच पहिल्या प्रवेशाचा देश पाहिला जातो. म्हणून झुरिकला उतरूनही बहुतेक रात्री फ्रान्समध्ये असतील, तर अर्ज फ्रान्सकडेच जाईल. साहजिकच, कोणत्या रात्री कोणत्या निवाऱ्यात राहायचे हे आधी ठरवावे आणि अर्ज त्यानंतर भरावा.