प्लेटलेट्सचे पुंजके का होतात?

प्लेटलेट दान आटोपलं की तंत्रज्ञ फिकट पिवळी पिशवी दिव्यासमोर धरून हलकेच फिरवतो. निरोगी प्लेटलेट्स चपट्या चकत्यांसारख्या असतात. पिशवी हलली की आत धुरासारख्या चमकत्या लाटा उठतात. कधी मात्र त्या लाटांत पांढरे कण तरंगताना दिसतात. हेच पुंजके.

तसा यात प्लेटलेट्सचा काही गुन्हा नाही. शिरेला भोक पडलं की धावून जायचं आणि एकमेकींना चिकटून ते बुजवायचं, हे त्यांचं कामच. आणि दान म्हणजे शिरेला मुद्दाम पाडलेलं भोक!

त्यांना आवरायचं काम सायट्रेट या रसायनाचं. रक्त गोठायला कॅल्शियम लागतं. सायट्रेट ते पकडून ठेवतं. म्हणून नळीत शिरताक्षणीच रक्तात सायट्रेट मिसळलं जातं. पण सुई नीट बसली नाही, शीर शोधत ती आत फिरवावी लागली, तर आजूबाजूच्या ऊतींतले घटक रक्तात उतरतात. त्यातून थ्रॉम्बिन हे रक्त गोठवणारं द्रव्य तयार होतं आणि प्लेटलेट्सना चेतवण्यात त्याचा हात कोण धरणार? धार अडखळत असेल तर सायट्रेटही नीट मिसळत नाही. पहिल्याच टोचणीत मिळालेली ठसठशीत शीर म्हणजे अर्धं काम फत्ते. सायट्रेट वाढवावं, तर प्लेटलेट्स काढून उरलेल्या रक्ताबरोबर ते दात्याच्या अंगात परत जातं आणि ओठांना मुंग्या येतात. कमी करावं, तर पुंजके.

पुढे सेंट्रिफ्यूजमध्ये, म्हणजे गरगर फिरवून रक्ताचे घटक वेगळे करणाऱ्या यंत्रात, प्लेटलेट्स दाटीवाटीने दाबल्या जातात. त्यामुळे पिशवी लगेच हलत्या रॅकवर न ठेवता तासभर निवांत ठेवतात. बरेच पुंजके तेवढ्यात आपोआप सुटतात. साठवण २० ते २४ अंश सेल्सियसला. थंडी लागली की चकती गोल, काटेरी होते. काही दात्यांच्या बाबतीत मात्र सगळं नीट करूनही दर वेळी पुंजके होतात.

एक गंमत दान सुरू होण्याआधीचीच. प्लेटलेट्सच्या मोजणीसाठी रक्त ईडीटीएच्या (हेही रक्त गोठू न देणारं रसायन) नळीत घेतात आणि मोजक्या काही लोकांच्या प्लेटलेट्स नेमक्या त्या नळीतच एकमेकींना चिकटतात. यंत्राला पुंजक्यातल्या प्लेटलेट्स सुट्या मोजता येत नाहीत, आकडा दानासाठी लागणाऱ्या दीड लाखाच्या (दर मायक्रोलिटर रक्तात) खाली येतो आणि धडधाकट दाता अपात्र ठरतो. अशा वेळी काचपट्टीवर रक्ताचा थेंब पसरून सूक्ष्मदर्शकाखाली बघावं: थराच्या पातळ कडेला ‘हरवलेल्या’ प्लेटलेट्स घोळक्याने बसलेल्या सापडतात.