गोचीड कुत्र्यावर कमी, भिंतीत जास्त

खानापूर, निपाणी किंवा बेळगावच्या आसपासच्या खेड्यांत ज्या घरी दुभती जनावरे आहेत, तिथे बहुधा एखादे कुत्रेही असते, आणि म्हशीसाठी आणलेले गोचिडाचे औषध उरले की तेच त्याच्या अंगावर चोळले जाते. चार दिवस गोचीड दिसेनासे होतात, पंधरवड्यात पुन्हा तेवढेच दिसू लागतात आणि औषधाला दोष दिला जातो. खरी चूक असते ती दोन निराळ्या जातींच्या गोचिडांना एकच समजण्याची.

गुरांवरचा मुख्य गोचीड अगदी लहानपणी जनावरावर चढतो आणि कात टाकत पूर्ण वाढ होईपर्यंत तिथेच राहतो. मादी खाली उतरते ती अंडी घालण्यासाठी. कुत्र्यावरच्या तपकिरी गोचिडाचे तसे नाही. तो आयुष्यात तीन वेळा रक्त पितो आणि प्रत्येक वेळी पोट भरल्यावर खाली उतरून फटीत दडून राहतो, तिथेच कात टाकतो आणि मग पुन्हा कुत्रे शोधतो. त्यामुळे कोणत्याही क्षणी घरातल्या गोचिडांपैकी थोडेच कुत्र्याच्या अंगावर असतात. एक मादी हजारांच्या घरात अंडी घालते आणि प्रौढ गोचीड रक्तावाचून कित्येक महिने तग धरू शकतो. शिवाय त्याचा ओढा वर चढण्याकडे असतो, म्हणून केवळ जमीन धुऊन भागत नाही. जांभ्या दगडाच्या भिंतीतील छिद्रे, दाराच्या चौकटीमागची फट, कौलांखालचे वासे अशा जागी तो सापडतो, आणि आपल्याकडच्या जुन्या घरांत अशा जागांची वाण नाही.

यावरून उपायाची दिशा ठरते. कुत्र्यावरचे उपचार एकदा करून थांबवायचे नसतात. फटीत उरलेली पिढी बाहेर पडेपर्यंत, म्हणजे काही महिने, ते सलग चालू ठेवावे लागतात. फटी बुजवणे आणि कुत्र्याचे अंथरूण गरम पाण्यात धुणे हे त्याच्या जोडीला हवेच. हल्ली मिळणाऱ्या चघळायच्या गोळ्यांपैकी काहींचा परिणाम महिनाभर, तर काहींचा सुमारे 12 आठवडे टिकतो. मात्र गोचीड चावून रक्त प्यायल्यावरच त्या त्याला मारतात. म्हणून रोज कानाच्या आत, मानेखाली आणि बोटांच्या बेचक्यांत हात फिरवून पाहणे सोडू नये. सापडलेला गोचीड चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढावा. त्यावर रॉकेल ओतण्याची पद्धत सोडलेली बरी.

ही खटपट केवळ खाज थांबवण्यासाठी नाही. या गोचिडातून एर्लिकिया नावाचा जिवाणू रक्तात शिरतो. त्याने ताप येतो, खाणे सुटते, रक्तातल्या प्लेटलेट कमी होतात आणि कधी नाकातून रक्त येते. काही कुत्री पहिल्या तापातून उठतात, पण जिवाणू शरीरात राहून महिन्यांनी, क्वचित वर्षांनीही, रोग उलटतो. त्यामुळे ताप उतरला तरी रक्ततपासणी टाळू नये. माकडतापाची भीती मात्र घरातल्या या गोचिडाला चिकटवू नये. 1957 मध्ये शिमोगा जिल्ह्यात प्रथम ओळखला गेलेला तो रोग मुख्यतः जंगलातल्या निराळ्या गोचिडांतून पसरतो.

आता मांजराविषयी. गुरांच्या औषधांत बहुधा असणारे सायपरमेथ्रिन, किंवा कुत्र्यांच्या औषधांतले परमेथ्रिन, मांजराच्या जिवावर बेतू शकते. कारण अशा द्रव्यांची विल्हेवाट लावणारी यकृतातली एक प्रक्रिया मांजरात फार दुबळी असते, आणि अंग चाटण्याच्या सवयीने औषध पोटातही जाते. औषध लावलेल्या कुत्र्याला बिलगून झोपणेसुद्धा धोक्याचे ठरते. मांजराला थरथर किंवा झटके सुरू झाले, तर उशीर न करता पशुवैद्याकडे न्यावे आणि औषधाची बाटली किंवा वेष्टन सोबत घ्यावे, कारण आत नेमके कोणते द्रव्य होते यावर पुढचे उपचार अवलंबून असतात.