घरच्या गॅरेजमध्ये किट विमान: इंदूरहून अर्ज करताना काय लागतं आणि सुरुवात कुठून करायची

तिलकनगर किंवा सुदामानगरच्या एखाद्या गॅरेजमध्ये ॲल्युमिनियमचे पत्रे रिव्हेटने, म्हणजे ठोकून बसवायच्या धातूच्या खिळ्यांनी, जोडून विमानाचा पंख उभा करणं शक्य आहे. किट विमान म्हणजे कंपनीकडून सुट्या भागांच्या खोक्यांत येणारं आणि आपण स्वतः जोडायचं विमान. जगभर हजारो लोकांनी हे केलं आहे. पण भारतात कोणतंही विमान, मग ते कारखान्यात बनलेलं असो की घरी, नोंदणीशिवाय आणि उड्डाणयोग्यतेच्या कागदाशिवाय उडवता येत नाही. १ जानेवारी २०२५ पासून १९३४ च्या जुन्या कायद्याची जागा भारतीय वायुयान अधिनियम, २०२४ ने घेतली आहे आणि त्याच्या कक्षेत विमान चालवण्याबरोबर विमानाची रचना आणि निर्मितीही येते. म्हणून किटचे पैसे भरण्याआधी पहिलं पत्र डीजीसीएला, म्हणजे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाला जायला हवं. बहुतेक हौशी माणसं नेमकं उलट करतात. आधी खोकी येतात, मग कागद शोधायला सुरुवात होते.

मराठी वाचकांना कॅप्टन अमोल यादव आठवत असतील. कांदिवलीच्या इमारतीच्या गच्चीवर त्यांनी सहा आसनी विमान बांधलं आणि २०१६ मध्ये मुंबईच्या ‘मेक इन इंडिया’ प्रदर्शनात ते मांडलं. २०१७ मध्ये त्याला व्हीटी-एनएमडी हा नोंदणी क्रमांक मिळाला. उडवून पाहण्याची परवानगी, म्हणजे ‘परमिट टू फ्लाय’, मात्र २०१९ मध्ये मिळाली. नोंदणी आणि उडवण्याची परवानगी या दोन वेगळ्या पायऱ्या आहेत आणि त्यांच्यामध्ये वर्षं जाऊ शकतात, हे त्या तारखांवरून दिसतं. त्यांचं विमान पूर्णपणे त्यांच्या स्वतःच्या रचनेचं होतं. किट विमानाच्या बाबतीत रचना आधी सिद्ध झालेली असते आणि त्याच जातीची अनेक विमानं परदेशात उडत असतात. अर्जदारासाठी ही मोठी जमेची बाजू आहे. पहिल्या पत्रातच ती ठळकपणे मांडा.

पात्रता

मालकाची पात्रता साधी आहे. विमान भारतीय नागरिकाच्या किंवा भारतात नोंदलेल्या कंपनीच्या पूर्ण मालकीचं असेल, तर ते भारतात नोंदवता येतं. दोघातिघांनी मिळून बांधायचं असेल, तर सगळ्यांची नावं, हिस्से आणि कुणी एक बाहेर पडला तर काय करायचं हे मुद्रांकावर आधीच लिहून ठेवा. कर्ज काढलं असेल तर तारण नोंदणीच्या वेळी कळवावं लागतं.

विमान बांधलं म्हणून ते उडवायचा हक्क मिळत नाही. त्यासाठी किमान खाजगी वैमानिक परवाना लागतो. वय १७ पूर्ण, दहावी उत्तीर्ण, द्वितीय श्रेणीची वैद्यकीय तपासणी, डीजीसीएची लेखी परीक्षा आणि किमान ४० तासांचं उड्डाण या त्याच्या मुख्य अटी. इंदूर विमानतळावरच मध्य प्रदेश फ्लाइंग क्लब आहे, त्यामुळे प्रशिक्षणासाठी गाव सोडावं लागत नाही. माझं मत असं की रिव्हेट गन हातात घेण्याआधी निदान काही तास तरी उडून बघावं. नुसतं बांधण्याचं वेड आणि उडण्याचं वेड या निराळ्या गोष्टी आहेत, आणि हा प्रकल्प संध्याकाळी आणि रविवारी केला तर अनेक वर्षं चालतो.

अमेरिकेत या विमानांसाठी ‘५१ टक्क्यांचा नियम’ आहे. विमानाचा मोठा भाग बांधणाऱ्याने स्वतः, शिकण्यासाठी किंवा हौसेसाठी तयार केलेला असला पाहिजे, असा त्याचा आशय. किट कंपन्या आपली किटं त्याच हिशेबाने बनवतात. अर्धवट तयार ‘क्विक बिल्ड’ किट घेताना कंपनीकडून याबद्दलचं लेखी पत्र मागून घ्या. आपल्याकडच्या अधिकाऱ्याने ‘यातलं तुम्ही काय केलं?’ असं विचारलं, तर दाखवायला ते उपयोगी पडतं.

किट मागवण्याआधी

पहिल्या पत्राबरोबर ही माहिती जोडा: किटचं नाव आणि मॉडेल, आसनं, कमाल वजन, इंजिन आणि प्रोपेलर, त्या मॉडेलची किती विमानं कोणत्या देशांत उडतात, बांधणीची जागा आणि पत्ता, मदतीला असलेल्या परवानाधारक विमान देखभाल अभियंत्याचं नाव आणि परवाना क्रमांक, आणि विमान शेवटी कुठून उडणार. रचनेची छाननी डीजीसीएचा दिल्लीतला एअरक्राफ्ट इंजिनिअरिंग विभाग करतो. मध्य प्रदेशातल्या तपासणीसाठी भोपाळचं कार्यालय जवळचं आहे. दोन्हीकडे प्रत द्या. डीजीसीएच्या सेवा आता ईजीसीए पोर्टलवर आहेत, तेव्हा तिथे स्वतःचं खातं आधीच उघडून ठेवावं. अशा वेगळ्या प्रकरणात मात्र पोर्टलवरच्या अर्जाबरोबर समक्ष भेट घेतलेली बरी, कारण तयार रकाने कारखान्यात बनलेल्या विमानाच्या हिशेबाने आखलेले असतात.

आयातीत किट हा विमानाचा भाग म्हणून येतो. खरेदीची पावती, पॅकिंग यादी, बिल ऑफ एंट्री (आयात मालाचं सीमाशुल्क खात्याकडचं घोषणापत्र), सीमाशुल्क भरल्याची पावती आणि ‘हे विमान कोणत्याही देशात नोंदलेलं नाही’ असं कंपनीचं पत्र, हे सगळे कागद नोंदणीच्या वेळी लागतात. किट टप्प्याटप्प्याने येतो: शेपटी, पंख, धड, मग फिनिशिंग आणि इंजिन. प्रत्येक टप्प्याची फाइल वेगळी ठेवा.

जागेचा हिशेबही याच वेळी करा. आरव्ही-७ या लोकप्रिय दोन आसनी विमानाची लांबी सुमारे ६.२ मीटर आणि पंखांचा पसारा सुमारे ७.६ मीटर आहे. एका गाडीच्या गॅरेजमध्ये एक-एक पंख आणि शेपटी आरामात बनते, धड तिरकं ठेवावं लागतं, आणि पंख धडाला जोडायचे ते हँगरमध्येच. ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागात दिवसाची मर्यादा ५५ आणि रात्री १० ते सकाळी ६ पर्यंत ४५ डेसिबल आहे. रिव्हेट गन आणि कॉम्प्रेसर ही मर्यादा सहज ओलांडतात, तेव्हा ठोकाठोकीची वेळ शेजाऱ्यांशी बोलून ठरवा. सोसायटी असेल तर ना-हरकत लेखी घ्या.

बांधणीची वही

सगळ्या कागदांत सर्वांत वजनदार कागद सरकार देत नाही, तो आपण लिहायचा असतो. तपासणी अधिकारी आला तेव्हा पंख बंद झालेला असेल, तर आतला एकही रिव्हेट त्याला दिसणार नाही. त्याला दिसेल ती तुमची वही आणि तुमचे फोटो.

रोजची नोंद अशी करा: तारीख, वेळ, आराखड्याचं पान आणि पायरी, कोणता भाग, कुणी काम केलं, कुणी तपासलं. छिद्रांच्या कडा घासून साफ केल्या का, प्राइमर कोणता लावला, बोल्ट किती टॉर्कला आवळला. पक्क्या रिव्हेटचं ठोकलेलं डोकं रिव्हेटच्या व्यासाच्या दीडपट रुंद आणि निम्म्याइतकं उंच हवं. गेजने तपासून तसं लिहा. चुकलेला रिव्हेट ड्रिल करून काढला असेल, तर तेही लिहा. दुरुस्त्यांच्या नोंदी असलेली वही अधिकाऱ्याला जास्त खरी वाटते, आणि ती खरी असतेही.

प्रत्येक भागाचा बॅच क्रमांक आणि पोचल्याची तारीख नोंदवणं बऱ्याच जणांना जास्तीचं वाटतं. २०२३ मध्ये अमेरिकेतल्या एका मोठ्या किट कंपनीच्या लेझरने कापलेल्या भागांना, छिद्रं डिंपल करताना, म्हणजे रिव्हेटचं डोकं पत्र्याशी सपाट बसावं म्हणून छिद्राची कड दाबून खोलगट करताना, कडेला बारीक तडे जात असल्याचं उघड झालं. कोणत्या काळात पाठवलेले कोणते भाग बदलायचे याच्या याद्या निघाल्या. ज्यांच्याकडे नोंद होती, त्यांना आपल्या पंखात नेमकं काय बसलंय ते लगेच सांगता आलं.

नट-बोल्टच्या बाबतीत तडजोड नको. सियागंजात हवा तो बोल्ट मिळतो, आणि मापाने तो बसतोही. पण विमानाच्या सांगाड्यात एएन किंवा एमएस या अमेरिकी विमान-मानकांचाच, प्रमाणपत्रासह आलेला बोल्ट लागतो. पत्र्याचंही तसंच: आराखड्यात २०२४-टी३ अल्क्लॅड (विमानासाठीचा ॲल्युमिनियम मिश्रधातूचा पत्रा) लिहिलं असेल तर तेच, पिथमपूरहून मिळालेला ‘तसाच’ पत्रा चालणार नाही. हत्यारं, जिग, टेबल मात्र सांवेर रोडच्या वर्कशॉपमधून खुशाल बनवून घ्या. हाताने काम करणारे उत्तम कारागीर इथे आहेत.

पंख किंवा धडाचा कोणताही कप्पा कायमचा बंद करण्याआधी भोपाळच्या कार्यालयाला लेखी कळवा आणि तपासणीची तारीख मागा. तारीख लांबली तरी थांबा, दरम्यान शेपटीचं किंवा वायरिंगचं काम करा. देखभाल अभियंत्याची सही मात्र प्रत्येक बंद होणाऱ्या कप्प्यासाठी घ्याच.

नोंदणी

नोंदणीचा अर्ज सीए-२८. सोबत ओळख आणि नागरिकत्वाचा पुरावा, पॅन, मालकीची कागदपत्रं, सीमाशुल्काचे कागद आणि शुल्काची पावती. क्रमांक व्हीटी- ने सुरू होतो आणि पुढची तीन अक्षरं मिळाली की ती ठरलेल्या आकारात पंखावर आणि धडावर रंगवायची. आगीत न वितळणाऱ्या धातूची ओळखपट्टीही विमानात बसवावी लागते. ट्रान्सपॉन्डर, म्हणजे रडारला विमानाची ओळख कळवणारं यंत्र, बसवणार असाल तर त्याचा २४-बिट पत्ता याच सुमारास मागून घ्या, नंतर वेगळी फेरी पडते.

परमिट टू फ्लाय

घरी बांधलेल्या विमानाला टाइप सर्टिफिकेट, म्हणजे त्या मॉडेलच्या रचनेला मिळालेली अधिकृत मान्यता, नसतं, म्हणून नेहमीचं उड्डाणयोग्यता प्रमाणपत्र मिळत नाही. इथे डीजीसीएच्या सीएआर-२१ या नियमावलीतली परमिट टू फ्लायची तरतूद लागू पडते. तिचे दोन भाग आहेत. आधी उड्डाणाच्या अटी मंजूर करून घ्यायच्या: कुठे उडायचं, किती वाऱ्यात, किती वजनाने, कोण उडवणार, चाचणीत काय मोजायचं. मग त्या अटींवर परमिट मिळतं.

सोबत लागतं ते असं: पूर्ण झालेली बांधणीची वही आणि फोटो, आराखडे आणि उड्डाण पुस्तिका, इंजिन-प्रोपेलरचे कागद, उपकरणांची यादी, वजन आणि संतुलनाचा अहवाल, जमिनीवर इंजिन चालवल्याच्या नोंदी आणि चाचणी उड्डाणांचा आराखडा. वजन तीन चाकांखाली तीन काटे ठेवून, विमान समतल करून, तेलासह घेतात. काट्यांचं कॅलिब्रेशन प्रमाणपत्र नसेल तर तो अहवाल वाया जातो. चाचणी आराखड्यासाठी अमेरिकेतली पद्धत चांगला आधार आहे. तिथे प्रमाणित इंजिन-प्रोपेलरची जोडी असेल तर पहिले २५ तास, नसेल तर ४० तास ठरलेल्या क्षेत्रातच उडायचं, अशी जुनी रीत आहे.

इंधन कोणतं, हेही त्या कागदांत येतं. किट विमानांत रोटॅक्स ९१२ इंजिन फार चालतं आणि ते मोटारीचं पेट्रोल पितं, म्हणून लोक निश्चिंत असतात. पण रोटॅक्सची मर्यादा दहा टक्के इथेनॉलची आहे आणि आपल्या पंपांवर आता वीस टक्क्यांचं पेट्रोल आहे. तेव्हा एव्हगॅसची, म्हणजे विमानाच्या खास पेट्रोलची, सोय पाहावी लागेल. इंडियन ऑइलच्या वडोदऱ्याच्या रिफायनरीत २०२२ पासून ते देशातच तयार होतं. घरी साठवायचं झालं, तर परवान्याशिवाय पेट्रोल ३० लिटरपर्यंतच ठेवता येतं. गॅरेजमध्ये तेवढंही ठेवू नये, असं मला वाटतं.

रेडिओ, विमा, धावपट्टी

रेडिओसाठी दूरसंचार विभागाच्या डब्ल्यूपीसी या बिनतारी शाखेचा परवाना लागतो, अर्ज सरल संचार पोर्टलवर. रेडिओ वापरणाऱ्याला आरटीआर, म्हणजे रेडिओवर बोलण्याचा, परवाना लागतो. २०२४ च्या कायद्याने आरटीआरचं काम दूरसंचार विभागाकडून डीजीसीएकडे आलं आहे, म्हणून जुन्या मार्गदर्शिका वाचून चुकीच्या दारात जाऊ नका. ४०६ मेगाहर्ट्झचा आपत्कालीन ट्रान्समीटर बसवला की त्याचा कोड बेंगळुरूच्या इस्रो केंद्रातल्या भारतीय मिशन कंट्रोल सेंटरकडे नोंदवायचा. विमा निदान त्रयस्थ व्यक्तीच्या नुकसानीचा घ्या आणि कंपनीला ‘घरी बांधलेलं, परमिटवरचं’ हे शब्द पॉलिसीत लिहायला लावा.

धावपट्टीचा प्रश्न शेवटी सोडवू असं म्हणू नका. देवी अहिल्याबाई होळकर विमानतळावर प्रवासी विमानांची वर्दळ वाढत आहे, चाचणीच्या फेऱ्यांसाठी तिथे जागा आणि वेळ मिळवणं कठीण आहे. उज्जैनजवळची दताणा हवाईपट्टी किंवा राज्य सरकारच्या इतर पट्ट्या जास्त सोयीच्या, पण त्यांतल्या अनेक प्रशिक्षण संस्थांना दिलेल्या आहेत. म्हणून परवानगी राज्याचा विमानन विभाग, जिल्हाधिकारी आणि ती संस्था अशा तिन्हीकडून लेखी घ्या. तेच पत्र परमिटच्या अर्जाला जोडायचं असतं. पुढे प्रत्यक्ष उड्डाणाच्या दिवशी फ्लाइट प्लॅन भरून एफआयसी आणि एडीसी क्रमांक घ्यावे लागतात. एफआयसी म्हणजे उड्डाण माहिती केंद्र, त्याच्याकडून मिळणारा क्रमांक; एडीसी म्हणजे हवाई संरक्षणाची मंजुरी.

परमिटवर छापलेल्या मुदतीच्या काही आठवडे आधी नूतनीकरणाचा अर्ज करा, सोबत त्या काळातल्या उड्डाणांच्या आणि देखभालीच्या नोंदी जोडून. इंजिन, प्रोपेलर किंवा नियंत्रणांत कोणताही बदल केला तर उडण्याआधी तो कळवावा लागतो. विमान विकलं तर मालकी बदलाची नोंद डीजीसीएकडे करायची, आणि बांधणीची मूळ वही नव्या मालकाच्या हवाली करायची, स्वतःसाठी फक्त छायाप्रत ठेवून.