शिकण्याची शैली की शिकण्याची सवय? कॅल्क्युलसच्या वर्गातील एका वादाची पार्श्वभूमी

कॅल्क्युलस (कलनशास्त्र, म्हणजे बदलाच्या दराचे गणित) विद्यार्थ्यांना नीट यावे, यासाठी प्रत्येकाच्या शैलीप्रमाणे शिकवावे की अभ्यासाची सवय बदलावी, हा तो वाद. प्रत्येक विद्यार्थ्याची शिकण्याची शैली वेगळी असते, म्हणजे कोणी पाहून तर कोणी ऐकून चांगले शिकतो, आणि शिक्षकाने ती ओळखून शिकवावे, हा विचार अमेरिकेतील महाविद्यालयांत १९८० च्या दशकात बळावला. १९८४ मध्ये डेव्हिड कोल्ब यांचा अनुभवाधारित अध्ययनावरील ग्रंथ आला आणि १९८८ मध्ये रिचर्ड फेल्डर व लिंडा सिल्व्हरमन यांनी अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांसाठी शैलींचे वर्गीकरण मांडले.

त्याच सुमारास कॅल्क्युलसच्या अध्यापनाबद्दलही असंतोष वाढत होता, कारण पहिल्याच वर्षी नापास होणाऱ्या किंवा विषय सोडणाऱ्या विद्यार्थ्यांची संख्या मोठी होती. जानेवारी १९८६ मध्ये ट्युलेन विद्यापीठात भरलेल्या परिषदेतून सुधारणेची चळवळ उभी राहिली. हार्वर्डमधील गटाने प्रत्येक संकल्पना आलेख, आकडे आणि सूत्र अशा तिन्ही अंगांनी शिकवण्याचा आग्रह धरला. शैलीच्या विचाराशी याची अनेकदा गल्लत होते, पण इथे आलेख फक्त ‘दृश्य’, म्हणजे पाहून शिकणाऱ्या, विद्यार्थ्यासाठी नव्हता. तिन्ही रूपे प्रत्येकाला आलीच पाहिजेत, अशी अपेक्षा होती.

मला सर्वांत महत्त्वाचे वाटते ते गणिताचे अध्यापक युरी ट्राइसमन यांचे काम. कॅलिफोर्निया विद्यापीठात, बर्कली येथे, १९७० च्या दशकात त्यांनी कॅल्क्युलसमध्ये मागे पडणाऱ्या कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांच्या अभ्यासाची तुलना यशस्वी होणाऱ्या चिनी-अमेरिकन विद्यार्थ्यांशी केली. प्रेरणेचा अभाव, कच्ची पूर्वतयारी, घरातून पाठबळ नसणे, गरिबी ही प्राध्यापकांनी गृहीत धरलेली कारणे टिकली नाहीत. फरक दिसला तो सवयीत: कृष्णवर्णीय विद्यार्थी बहुधा एकटे बसून अभ्यास करीत, तर चिनी-अमेरिकन विद्यार्थी एकत्र बसून एकमेकांची उत्तरे तपासत. ट्राइसमन यांनी उजळणीचे वर्ग काढले नाहीत. अवघड गणिते गटाने सोडवण्याच्या कार्यशाळा सुरू केल्या आणि त्यांत येणाऱ्यांचे निकाल ठळकपणे सुधारले. अभ्यासाची रीत जन्मजात नसते, ती घडवता येते, हे यातून दिसले.

शैलीनुसार शिकवल्याने अधिक शिकता येते याला पुरेसा पुरावा नाही, असा निष्कर्ष मानसशास्त्रज्ञ हॅरोल्ड पॅशलर व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८ मध्ये काढला. पुढे २०१४ मध्ये विज्ञान, अभियांत्रिकी व गणितातील २२५ अभ्यासांच्या एकत्रित विश्लेषणात सरासरी नापासीचे प्रमाण केवळ व्याख्यानाच्या वर्गांत ३३.८ टक्के, तर सक्रिय अध्यापनाच्या, म्हणजे विद्यार्थ्यांना वर्गातच स्वतः काही करायला लावणाऱ्या, वर्गांत २१.८ टक्के आढळले. मात्र ‘सक्रिय’ या सदरात तासाला अधूनमधून विचारलेल्या प्रश्नांपासून पूर्ण कार्यशाळेपर्यंत सारेच मोजले होते, त्यामुळे पहिल्या वर्षाच्या गणिताला त्यांपैकी नेमके काय सर्वाधिक उपयोगी पडते, हे त्या सरासरीवरून ठरवता येत नाही.