पॉवर स्टिअरिंग होजची गळती व दुरुस्ती

हायड्रॉलिक, म्हणजे तेलाच्या दाबावर चालणाऱ्या, पॉवर स्टिअरिंगमध्ये पंप आणि स्टिअरिंग रॅक (चाके वळवणारा दांड्याचा भाग) यांच्यामध्ये तेल खेळवणाऱ्या रबरी व धातूच्या नळ्या म्हणजे होज. त्या जुन्या झाल्या की गळू लागतात. १९५१ साली क्रायस्लर इम्पीरियल गाडीबरोबर ही यंत्रणा सामान्य ग्राहकापर्यंत पोहोचली. पुढे इलेक्ट्रिक स्टिअरिंगने तिची जागा घेतली, त्यामुळे गळणारे होज हा आता मुख्यतः जुन्या गाड्यांचाच आजार उरला आहे.

होज दोन प्रकारचे असतात आणि त्यांतला फरक कळणे हीच दुरुस्तीची पहिली पायरी. पंपातून रॅककडे जाणारा तो दाबाचा होज. चाक पूर्ण वळवल्यावर त्यात साधारण ७० ते १०० बार दाब येतो. टायरमध्ये हवेचा दाब २ बारच्या आसपास असतो, यावरून अंदाज यावा. रॅकमधून स्टिअरिंग तेलाच्या टाकीकडे येणारा तो परतीचा होज. त्यातला दाब अगदी कमी असतो.

इंजिनच्या उष्णतेने रबर कडक होते, त्याला तडे जातात. दाबाचा होज बहुधा रबर आणि धातूची नळी जिथे दाबून जोडलेली असतात तिथे पाझरतो. परतीचा होज क्लिपखाली सैल पडतो. तेल खाली ओघळत जाते, म्हणून थेंब जिथे पडतो तिथे भोक असेलच असे नाही. सगळा भाग पुसून कोरडा करावा, इंजिन चालू करून दुसऱ्याला स्टिअरिंग दोन्ही बाजूंना वळवायला सांगावे आणि ओल वरून कुठून सुरू होते ते पाहावे. दाबाखालच्या होजवर हात फिरवून गळती शोधू नये: बारीक छिद्रातून उडणारी धार कातडीत घुसून गंभीर इजा करू शकते. पुठ्ठ्याचा तुकडा धरावा.

परतीचा होज बदलणे सोपे. तेल सहन करणारा, त्याच आतल्या मापाचा नवा होज आणि नव्या क्लिपा पुरतात. शेवटचा तुकडाच कडक झाला असेल आणि लांबीला वाव असेल तर तो कापून पुन्हा बसवताही येतो. रेडिएटरचा होज मात्र इथे चालत नाही, कारण त्याचे रबर तेलाने फुगते.

दाबाच्या होजवर टेप, क्लिप किंवा चिकटद्रव्य लावणे धोक्याचे आहे. तो सुटला तर स्टिअरिंग एकदम जड होते, आणि तप्त एक्झॉस्टवर तेल उडाले तर आग लागू शकते. नवा होज मिळत नसेल तर हायड्रॉलिक होज बनवणाऱ्याकडून जुन्या धातूच्या टोकांवर नवा होज मशिनने दाबून घेता येतो. काही मूळ होजांच्या आत पंपाचे धक्के शोषणारी नळी असते. साध्या होजमध्ये ती नसल्याने काम झाल्यावर गुणगुण ऐकू येऊ शकते. जोडाच्या नटासाठी फ्लेअर पाना (नटाला जवळजवळ सगळीकडून धरणारा) वापरावा, साध्या पान्याने नटाच्या कडा झिजतात. बँजो बोल्टचे (आतून तेल जाणाऱ्या पोकळ बोल्टचे) वॉशर आणि ओ-रिंग (रबरी कडी) दर वेळी नवे घालावेत.

गळती थांबवणारी औषधे सील (तेल अडवणारे रबरी भाग) मऊ करतात. तडा गेलेल्या होजला त्यांचा उपयोग नाही. तेल गाडीच्या पुस्तिकेत सांगितलेलेच भरावे. काही गाड्यांना डेक्सरॉन जातीचे (ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचे) लाल तेल लागते, काहींना हिरवे सिंथेटिक, आणि चुकीच्या तेलाने चांगली सीलही खराब होतात.

शेवटी हवा काढणे. पुढची चाके उचलून गाडी स्टँडवर पक्की टेकवावी आणि इंजिन बंद ठेवून स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत हळूहळू अनेकदा फिरवावे. मधूनमधून टाकी भरत राहावे, ती रिकामी होऊ देऊ नये, नाहीतर पंप पुन्हा हवा ओढतो. बुडबुडे थांबले की इंजिन चालू करून तेच करावे. टोकाला स्टिअरिंग काही सेकंदांहून जास्त दाबून धरू नये. तेलाला फेस आला किंवा पंप किंचाळला तर आत अजून हवा आहे. इंजिन बंद करून तेल निवळू द्यावे आणि पुन्हा फिरवावे.